जिवाणूंनी माती शुद्ध केली, तर धातू गेला कुठे?

जड धातूंनी नासलेली जमीन जिवाणूंच्या साहाय्याने शुद्ध करता येते, असे प्रयोगशाळांचे अहवाल बरीच वर्षे सांगत आले आहेत आणि आता जमीन शुद्ध करून देणाऱ्यांच्या माहितीपत्रकांतही हे विधान सर्रास आढळते. या विधानात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे, आणि त्यातला न सांगितलेला भाग दडून राहिला तर एका चांगल्या तंत्रावरचा लोकांचा विश्वास पहिल्याच मोठ्या अपयशात उडून जाईल. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांनी प्रदूषित झालेल्या जमिनींसाठी जिवाणूंचा वापर जरूर व्हावा. मात्र ज्या प्रकल्पाला ‘धातू गेला कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर किलोग्रॅमच्या हिशेबात देता येत नाही, त्याला जमीन शुद्ध झाल्याचा दाखला मिळू नये. आणि जिथे धातू मातीतच राहणार आहे, तिथे प्रदूषण करणाऱ्याची जबाबदारीही संपू नये.

गैरसमजाचे मूळ तेलात आहे. 1989 साली अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सॉन वाल्डेझ’ या जहाजातून कच्चे तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर नत्र आणि स्फुरद असलेली खते वापरून तिथल्याच जिवाणूंना बळ देण्यात आले आणि तेलाच्या विघटनाचा वेग वाढला. ‘प्रदूषण खाणारे जिवाणू’ ही कल्पना लोकांच्या मनात रुजण्यात अशा कामांचा मोठा वाटा आहे, आणि तेलाच्या बाबतीत ती बरोबरही आहे. तेलाचे रेणू कार्बन आणि हायड्रोजनचे असतात. जिवाणू ते फोडतात, त्यातून ऊर्जा मिळवतात, आणि शेवटी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. विष खरोखरच नाहीसे होते. धातूचे तसे नाही. कॅडमियम हे मूलद्रव्य आहे; त्याचा अणू फोडण्याची क्षमता कोणत्याही विकरात (एन्झाइममध्ये) नाही. जिवाणू धातूचे रूप बदलू शकतो, त्याला विरघळवू शकतो किंवा घट्ट बांधून ठेवू शकतो, क्वचित त्याची वाफ करून हवेत सोडू शकतो. पण मातीत शंभर किलो कॅडमियम असेल, तर जिवाणूंच्या कामानंतरही जगात शंभर किलो कॅडमियम असतेच; बदलते ते त्याचे ठिकाण आणि त्याचे रासायनिक रूप.

‘नव्वद टक्के धातू काढला’ असे आकडे येतात कुठून, हे जवळून पाहण्यासारखे आहे. चंचुपात्रात पोषक द्रावण घेतात, त्यात मोजून धातूचा क्षार घालतात, जिवाणू सोडतात आणि ते पात्र काही तास हलवत ठेवतात. मग ते मिश्रण नळ्यांमध्ये भरून सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवले जाते. जिवाणू तळाशी चिकट गोळा होऊन बसतात आणि वरच्या नितळ द्रवात धातू किती उरला ते मोजले जाते. तो कमी झालेला असतो, कारण जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवरील ऋणभारित गटांना धातूचे धनभारित आयन चिकटलेले असतात. मोजमाप खरे आहे आणि प्रयोगही प्रामाणिक आहे. पण त्यात धातू वेगळा झाला तो सेंट्रिफ्यूजमुळे. शेतात तळाचा गोळा उचलून बाजूला ठेवण्याची सोय नसते. जिवाणू मातीच्या कणांवर राहतात, तिथेच मरतात, कुजतात, आणि त्यांनी धरून ठेवलेला धातू बव्हंशी त्याच मातीत परत जातो. सांडपाण्याच्या टाकीसाठी उपयुक्त असलेला हा निष्कर्ष जसाच्या तसा जमिनीला लावणे हीच या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे मत आहे.

प्रमाणाचाही विचार करायला हवा. एक हेक्टर जमिनीचा वरचा वीस सेंटिमीटरचा थर घेतला, तर त्यात साधारण 2600 टन माती असते. या मातीत किलोमागे 500 मिलिग्रॅम शिसे असेल, तर त्या एका हेक्टरात शिशाचे वजन 1300 किलो भरते. हे सव्वा टनाहून अधिक शिसे जिवाणूंनी ‘शोषून घेतले’ असे कोणी सांगितले, तर ते जिवाणू आता कुठे आहेत, असे विचारण्याचा हक्क त्या जमिनीशेजारी राहणाऱ्या प्रत्येकाला आहे.

मग जिवाणूंचा उपयोग नेमका कशात आहे? क्रोमियमचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. ते मातीत मुख्यतः दोन रासायनिक रूपांत आढळते: षट्‌संयुजी आणि त्रिसंयुजी. षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते, मातीतून झपाट्याने भूजलात उतरते, आणि त्याचा क्रोमेट आयन रचनेने सल्फेटसारखा असल्यामुळे सल्फेटसाठी असलेल्या वाटेने तो पेशीत शिरतो. हे क्रोमियम माणसात कर्करोग घडवते, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. याउलट त्रिसंयुजी क्रोमियम खूपच कमी विषारी असते आणि साधारण उदासीन सामू (पीएच) असलेल्या मातीत ते हायड्रॉक्साइडच्या रूपाने न विरघळता पडून राहते. मातीतले अनेक जिवाणू हा बदल घडवतात, म्हणजे षट्‌संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये क्षपण (इलेक्ट्रॉन देऊन रूपबदल) करतात. काही जण आपल्या विकरांनी थेट, तर काही जण लोह किंवा सल्फाइडच्या मार्गे. यासाठी नवे जिवाणू आणून सोडावे लागतातच असे नाही. मळी किंवा तत्सम कार्बनयुक्त अन्न जमिनीत सोडले, ऑक्सिजन संपला, की तिथलेच जिवाणू कामाला लागतात. विहिरीच्या पाण्यातले विष खाली येते आणि शेजारच्या वस्तीचा धोका प्रत्यक्ष कमी होतो. हा फायदा खरा आणि मोठा आहे, आणि धातू तिथेच राहिला एवढ्या कारणावरून त्याला नाके मुरडणे मला पटत नाही.

परंतु मातीत मँगेनीजची ऑक्साइडे असतात, आणि ती त्रिसंयुजी क्रोमियमचे ऑक्सिडीकरण करून त्याला पुन्हा षट्‌संयुजी बनवू शकतात. ही ऑक्साइडे तयार होण्यातही जिवाणूंचाच मोठा हात असतो. म्हणजे ज्या जमिनीत एका परिस्थितीत विष बांधले जाते, त्याच जमिनीत दुसऱ्या परिस्थितीत ते सुटू शकते. हे प्रत्येक ठिकाणी घडेलच असे नाही, कारण त्रिसंयुजी क्रोमियम फारसे विरघळत नसल्यामुळे हा उलटा प्रवास सहसा संथ असतो. पण तो घडतो आहे की नाही, हे पाहण्यासाठी कोणीतरी दहा वर्षांनीही त्या विहिरीचे पाणी तपासत असायला हवे. प्रकल्प संपला, कंत्राटदार निघून गेला आणि दाखला फाइलमध्ये लागला, तर ते पाहणार कोण?

हा धोका केवळ पुस्तकी नाही, हे युरेनियमच्या एका अनुभवातून दिसते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील रायफल या गावाजवळ युरेनियमच्या खनिजावर प्रक्रिया करणारा जुना कारखाना होता आणि तिथले भूजल युरेनियमने दूषित झाले होते. तिथे 2002 साली संशोधकांनी भूजलात ॲसिटेट सोडले. उद्देश असा होता की जिओबॅक्टर या गटातील जिवाणूंना ते अन्न म्हणून मिळावे आणि त्यांनी विरघळलेल्या युरेनियमचे क्षपण करून त्याला न विरघळणाऱ्या रूपात आणावे. घडलेही तसेच. जिओबॅक्टरची संख्या वाढली आणि काही आठवड्यांत काही निरीक्षण विहिरींमधले युरेनियम ठरवून दिलेल्या मर्यादेखाली आले. त्यानंतर मात्र ॲसिटेटवर सल्फेट-क्षपण करणाऱ्या जिवाणूंनी ताबा मिळवला, जिओबॅक्टर मागे पडले आणि पाण्यातले युरेनियम पुन्हा वाढू लागले. जमिनीखाली कोणता जिवाणू वरचढ ठरेल, हे बाहेरून अन्न घालणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. शिवाय बांधले गेलेले युरेनियम ऑक्सिजन किंवा नायट्रेट पोहोचले की पुन्हा विरघळू शकते. त्या संशोधकांनी यश आणि पिछेहाट दोन्ही प्रसिद्ध केली, याचे मोल मला फार वाटते. माहितीपत्रकांमध्ये मात्र गोष्ट बहुधा पहिल्या काही आठवड्यांवरच थांबते.

पाऱ्याच्या बाबतीत जिवाणूंची दोन्ही रूपे आणखी ठळकपणे समोर येतात. अनेक जिवाणूंमध्ये ‘मेर’ नावाने ओळखला जाणारा जनुकांचा संच असतो. त्यातले एक विकर पाऱ्याच्या आयनाचे धातुरूप पाऱ्यात रूपांतर करते, तो बाष्पशील असल्यामुळे पेशीतून आणि मातीतून निघून जातो, आणि जिवाणू वाचतो. मातीपुरते पाहिले तर हा धातू खरोखर ‘काढला’ जातो. पण पाऱ्याची वाफ कित्येक महिने वातावरणात राहते, दूरवर जाते आणि शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीवर किंवा पाण्यात उतरते. एका गावाचा प्रश्न असा दुसऱ्या गावाच्या डोक्यावर टाकण्याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही. जर्मनीत हेच जिवाणू क्लोरीन व कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी बंद पात्रात वापरून पाहिले गेले, तेव्हा धातुरूप पारा पात्राच्या आतच साठून राहिला. जिवाणू तेच, विकर तेच. फरक एवढाच की तिथे पारा कुठे आहे आणि किती आहे, हे सांगता येत होते. दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनविरहित गाळातले काही जिवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. जपानमधील मिनामाता येथे 1956 मध्ये उघडकीस आलेल्या रोगामागे हेच संयुग होते, जरी तिथे ते प्रामुख्याने कारखान्याच्या प्रक्रियेतूनच आलेले होते. जिवाणूंमध्ये हे रूपांतर घडवणारी दोन जनुके 2013 मध्ये ओळखली गेली. म्हणजे पारा असलेल्या पाणथळ जमिनीत ऑक्सिजन संपवणारे अन्न ओतण्यापूर्वी आपण कोणाला खाऊ घालतो आहोत, हे तपासण्याचे साधन आज आपल्याकडे आहे. ती तपासणी ऐच्छिक ठेवणे अक्षम्य ठरेल.

एकाच जमिनीत दोन विषे असतील तर पेच आणखी वाढतो. भाताच्या खाचरात पाणी भरून ठेवले की मातीतला ऑक्सिजन संपतो, सल्फेट-क्षपण करणारे जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि कॅडमियम त्यात अडकून पडते. तांदळाच्या दाण्यात ते कमी उतरते. पण त्याच पाण्याखाली लोहाचे क्षपण करणारे जिवाणू लोहाच्या ऑक्साइडवर चिकटलेले आर्सेनिक सोडवतात आणि ते पिकात चढते. खाचर कोरडे केले की बरोबर उलटे होते. बंगालच्या खोऱ्यात नलिकाकूपांच्या पाण्यातून कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचलेले आर्सेनिक गाळातून सुटण्यामागेही अशाच जिवाणूंचा हात असल्याचे प्रयोगांनी दाखवले आहे. ज्यांना आपण मदतीला बोलावतो आहोत त्या जिवाणूंना विष बांधायचे आहे की सोडायचे, याच्याशी काही देणेघेणे नाही. त्यांना ऑक्सिजनऐवजी लोह किंवा सल्फेट वापरून श्वसन करायचे असते. म्हणूनच ‘अमुक जिवाणू अमुक धातूवर उपाय’ असे सरसकट विधान करणाऱ्या कोणत्याही विक्रेत्यावर माझा विश्वास बसत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल: मग पर्याय काय? माती खणून दुसरीकडे नेणे? तिथेही धातू नाहीसा होत नाही, खर्च प्रचंड येतो, आणि शेकडो वर्षांत तयार झालेला सुपीक थर गमवावा लागतो. हा आक्षेप मला मान्य आहे. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठची भातशेती वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीतून आलेल्या कॅडमियमने दूषित झाली होती. ‘इताई-इताई’ या हाडे ठिसूळ करणाऱ्या वेदनामय रोगाचे कारण हे कॅडमियमच असल्याचे तिथल्या सरकारने 1968 मध्ये मान्य केले. तिथे मातीच्या पुनःस्थापनेचे काम 1979 मध्ये सुरू झाले ते 2012 मध्ये संपले. सुमारे 860 हेक्टर जमिनीसाठी एका पिढीहून अधिक काळ लागला, आणि त्या कामातही बऱ्याच ठिकाणी दूषित माती खाली गाडून तिच्यावर स्वच्छ मातीचा थर दिला गेला. धातू तिथेही राहिलाच. तेव्हा जिवाणूंना लावलेली कसोटी खोदकामालाही लावली पाहिजे, आणि ती लावली तर अनेक ठिकाणी जिवाणूच अधिक शहाणपणाचा पर्याय ठरतील. विशेषतः जिथे दूषित क्षेत्र विस्तीर्ण आहे, विष खोल भूजलात उतरले आहे आणि यंत्रे पोहोचू शकत नाहीत, तिथे त्यांना तोड नाही.

हिशेबाची अट घातली तर जिवाणूंचे तंत्रच गळा आवळून मरेल, अशी भीतीही निराधार आहे. नेदरलँड्समधील बुडेल येथे जस्ताच्या कारखान्याखालील भूजल जस्त आणि सल्फेटने दूषित झाले होते. 1992 पासून तिथे ते पाणी उपसून मोठ्या पात्रात सल्फेट-क्षपण करणाऱ्या जिवाणूंच्या हवाली केले जाते. जिवाणूंनी तयार केलेले सल्फाइड जस्ताशी संयोग पावते, जस्ताचे सल्फाइड घनरूपात खाली बसते, आणि ते पुन्हा कारखान्याच्या भट्टीकडे कच्चा माल म्हणून जाते. इथे धातू जमिनीतून बाहेर आला, तोलला गेला आणि त्याचा पुढचा मुक्कामही ठाऊक आहे. अशीच शक्यता गंधक आणि लोहावर जगणाऱ्या ॲसिडिथायोबॅसिलससारख्या आम्लप्रिय जिवाणूंमध्ये आहे. कमी प्रतीच्या खनिजातून तांबे विरघळवून काढण्यासाठी खाणउद्योग त्यांचा वापर करतोच. दूषित माती पात्रात घेऊन त्यातील धातू असाच विरघळवून वेगळा करता येतो, फक्त आम्लाने माती जवळजवळ निर्जीव होते आणि तिला पुन्हा शेतीयोग्य करण्याचे काम शिल्लक राहते.

वनस्पती आणि जिवाणू यांच्या जोडीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ती लोकांना सर्वांत अधिक भावते. मुळांभोवतीचे काही जिवाणू धातू विद्राव्य करतात, धातूच्या ताणाखाली वनस्पतीत वाढणारे इथिलीन हे संप्रेरक कमी करतात आणि वनस्पतीला अशा जमिनीत तग धरायला मदत करतात. वनस्पती धातू पानांत साठवते. पीक कापून नेले की धातू शेताबाहेर जातो. पद्धत हिशेबी आहे. पण हिशेब मांडूनच पाहावा. वर धरलेल्या 2600 टन मातीत किलोमागे पाच मिलिग्रॅम कॅडमियम असेल, तर एकूण 13 किलो झाले. ते एक मिलिग्रॅमवर आणायचे तर दहा किलोंहून अधिक बाहेर काढावे लागेल. वर्षाला दहा टन सुके पीक आणि त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅम कॅडमियम असे उदार गृहीत धरले, तरी दरवर्षी 200 ग्रॅम निघतात, म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ लागतो. जिवाणूंनी हा वेग दुप्पट केला तरी पंचवीस वर्षे उरतात. हे सांगून शेतकऱ्याला तयार करणे वेगळे, आणि ‘दोन-तीन हंगामांत जमीन साफ’ म्हणून त्याच्या गळ्यात मारणे वेगळे. शिवाय ती धातूने भरलेली कापणी जनावरांच्या तोंडी किंवा चुलीत जाणार नाही, याची व्यवस्था कोण करणार, हेही आधी ठरले पाहिजे.

आता प्रश्न उरतो तो नियमांचा, आणि मला वाटते खरी उणीव तिथेच आहे. विज्ञान त्या मानाने बरेच पुढे गेले आहे. धातू मातीत बांधून ठेवण्याच्या प्रकल्पाला ‘स्थिरीकरण’ म्हणूनच मंजुरी मिळावी, आणि त्यात धातूची एकूण मात्रा, तिच्यातील विद्राव्य भाग आणि रासायनिक रूप या तिन्ही गोष्टी कामापूर्वी आणि कामानंतर मोजल्या जाव्यात. केवळ एकूण मात्रा मोजली तर जिवाणूंनी खरोखर कमी केलेला धोका दिसत नाही. केवळ विद्राव्य भाग मोजला तर जमिनीत शिल्लक असलेला साठा दिसत नाही. दोन्ही बाजूंनी फसवणुकीला वाव राहतो. मुलांच्या बाबतीत तर आणखी काळजी हवी, कारण मातीत न विरघळणारे शिसे मातीने माखलेली बोटे तोंडात गेल्यावर पोटातल्या आम्लात विरघळू शकते, आणि शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही.

बाहेरून आणलेल्या जिवाणूंच्या पाकिटांनाही हीच शिस्त लागू व्हावी. प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू मातीत सोडला की त्याला तिथल्या रहिवासी जिवाणूंशी अन्नासाठी झगडावे लागते आणि त्याला खाणारे आदिजीव टपलेलेच असतात, त्यामुळे त्याची संख्या बहुधा झपाट्याने घटते. धातू सहन करणारे उत्तम जिवाणू मुळात दूषित जागीच सापडतात. बेल्जियममधील एका जस्त कारखान्याच्या गाळातून 1976 मध्ये मिळालेला आणि आज क्युप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरन्स या नावाने ओळखला जाणारा जिवाणू याचे प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि तोही जस्त, कॅडमियम व कोबाल्ट मुख्यतः पेशीबाहेर उपसून स्वतःचा बचाव करतो. सहन करणे आणि काढून टाकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पाकीट विकत घेणाऱ्या ग्रामसंस्थेला किंवा नगरपालिकेला कोणीतरी सांगितलेच पाहिजे.

जबाबदारीच्या बाबतीत अमेरिकेच्या 1980 च्या ‘सुपरफंड’ कायद्यातील एक तरतूद अनुकरणीय आहे. उपायानंतरही घातक पदार्थ जागेवर राहणार असतील, तर किमान दर पाच वर्षांनी त्या उपायाचा फेरआढावा घेणे त्या कायद्याने बंधनकारक केले आहे. जिवाणूंनी बांधलेल्या धातूला ही तरतूद तंतोतंत लागू पडते. तिच्या जोडीला या तपासण्यांचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून आगाऊ घेऊन वेगळ्या निधीत ठेवला पाहिजे, कारण वीस वर्षांनी तो कारखाना असेलच याची खात्री नसते. आणि जमिनीच्या अधिकारपत्रावर धातूचा प्रकार, खोली आणि शिल्लक मात्रा यांची नोंद असली पाहिजे, म्हणजे पुढचा खरेदीदार तिथे विहीर खणण्यापूर्वी, चुना टाकणे थांबवण्यापूर्वी किंवा अमोनियमयुक्त खतांनी मातीचा सामू खाली आणण्यापूर्वी ती वाचेल. सामू खाली आला की बांधलेले कॅडमियम आणि जस्त पुन्हा सुटू लागतात. ही नोंद नसेल तर आजच्या संशोधकांनी मेहनतीने बांधून ठेवलेले विष उद्याचा मालक नकळत, अगदी चांगल्या हेतूने जमीन कसता कसता मोकळे करील, आणि त्याचा दोष त्याच्यावर ठेवता येणार नाही.